अंगणापलीकडे वीज

६ ऑक्टोबर, रविवार

ठरलं! शेडमध्ये वीज मी नेणार. दुसरं कुणी नाही, मीच. आजवर विजेशी माझा संबंध बल्ब बदलण्यापुरता, तोही नवऱ्याने, व्हर्लिनने, शिडी धरली तर. पण मागे पोरं कोकलत असताना मी मिनेसोटाच्या बर्फातून इतकी वर्षं शाळेची बस चालवली. त्यापुढे जमिनीत पाइप घालून त्यातून चार तारा ओढणं म्हणजे काही आभाळाला हात लावणं नाही.

कारण लिहून ठेवते, म्हणजे पाठ दुखायला लागल्यावर विसरायला नको. मार्चमध्ये व्हर्लिनला अर्धांगाचा झटका आला. बोलणं सुधारलं, पाय सुधारला. पण खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसला तो बसलाच. समोर टीव्ही, आणि टीव्हीवर दिवसभर हवामान. या माणसाने जन्मभर लाकडी होड्या बांधल्या! शेवटची होडी शेडमध्ये पालथी पडलीय, अर्ध्याच फळ्या लावलेली. विषय काढला की म्हणतो, "गारठा असतो तिथे." असतो, खरं आहे. शेडला स्वतःची वीज कधी नव्हतीच. स्वयंपाकघराच्या खिडकीतून एक लांबलचक नारिंगी वायर जायची. तिकडे हीटर आणि करवत एकदम चालू झाली की इकडे ब्रेकर पडायचा आणि मी अंधारात बटाटे सोलत बसायची.

हिवाळा तोंडावर आलाय. जमीन एकदा गोठली की एप्रिलपर्यंत कुदळ आत शिरत नाही. हा हिवाळाही त्याने खुर्चीत काढला तर वसंतात तो उठेल असं मला वाटत नाही. लिहिताना हात थांबला, पण तेच खरं आहे. म्हणून शेडला हीटर, भरपूर उजेड आणि ब्रेकरचं स्वतःचं पॅनेल. जमीन गोठायच्या आत.

जेनेलला फोनवर सांगितलं. लेक कसली, सासूच ती.

"आई, इलेक्ट्रिशियन बोलव ना."

"बोलावला होता. जानेवारीत येतो म्हणाला."

"आई, तू चौसष्ट वर्षांची आहेस."

"हो ना. जानेवारीत पासष्टची होईन. त्यापेक्षा आत्ताच केलेलं बरं."

९ ऑक्टोबर, बुधवार

परवाना मिळाला! घरमालकाला आपल्या घरचं काम स्वतः करता येतं. अट एकच, सरकारी तपासनीस बघून जाईपर्यंत चर बुजवायचा नाही. परवाना फ्रिजवर चिकटवायला गेले, पण व्हर्लिन उगाच काळजी करेल म्हणून माझ्या कपाटात ठेवला.

मग ओरिनच्या हार्डवेअरच्या दुकानात गेले. साठ अँपिअरचं सबपॅनेल, इंचाचा करडा पाइप, वळणाचे तुकडे, पाइप चिकटवायचा डिंक आणि तारा घेतल्या. काळी, लाल, पांढरी आणि हिरवी. काय सुंदर दिसतात गुंडाळ्या! लोकरीच्या दुकानातही मला इतका हर्ष कधी झाला नव्हता.

"व्हर्लिनला जमेल का गं हे?" ओरिनने विचारलं.

"मी करणार आहे."

त्याने माझ्याकडे बघितलं, मग पाइपाकडे बघितलं, आणि म्हणाला, "बरं." ओरिनच्या मानाने हे भाषण झालं.

घरी सगळं टेबलावर मांडलं. व्हर्लिनने टीव्हीवरून नजरही काढली नाही. "पाइप केवढा?"

"इंचाचा."

"सव्वा इंचाचा आण. ओढायला सोपा जातो."

एवढं बोलून परत विस्कॉन्सिनवरच्या ढगांत. कामाला हात लावायचा नाही, पण सल्ला तयार! चिडले. उद्या बदलून आणते.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

खणण्याआधी फोन करावा लागतो, मग माणूस येऊन गॅसच्या आणि फोनच्या लायनींवर रंगीत झेंड्या रोवून जातो. काल तो येऊन गेला. अंगणात जत्रा भरल्यासारखं दिसतंय. लगेच खुंट्या ठोकल्या, घरापासून शेडपर्यंत दोरी ताणली. दोन स्कूलबस एकामागे एक उभ्या राहतील एवढं अंतर आहे. संध्याकाळी दुरून पाहिलं आणि स्वतःवरच खूश झाले.

आज सकाळी बघते तर दोरी सरकलेली! मधल्या दोन खुंट्या काढून उजवीकडे ठोकल्या होत्या. आता दोरी प्लमच्या झाडापासून लांबून जाते. मला मुळं सुचलीच नव्हती.

नक्की ओरिन. काल बदललेला पाइप पोचवायला आला होता. आमच्या गावाची ही खोडच आहे, उपकार करायचा तो पाठीमागून. तुम्ही झोपेत असताना शेजारी तुमच्या दारातलं बर्फ काढून जातो आणि नंतर भेटला तर बेसबॉलबद्दल बोलतो. कुणाला आभार मानायला लागू नयेत आणि कुणाला ते ऐकायला लागू नयेत, म्हणून. पण मी कुठली गप्प बसतेय! लिंबाच्या वड्यांचं ताट घेऊन दुकानात गेले.

"हे कशाबद्दल?" ओरिन म्हणाला.

"माहीत आहे तुला."

"मी काही केलं नाही, आर्डिस."

"असंच म्हणणार तू. घे."

"नको, खरंच नको."

"घे म्हणते ना!"

"बरं, एखादी घेतो." आणि ताट काउंटरखाली गेलं. तिसऱ्यांदा म्हटल्याशिवाय आमच्याकडे कुणी पाणीसुद्धा घेत नाही.

१९ ऑक्टोबर, शनिवार

चर खणायचं यंत्र भाड्याने आणलं! साखळीला दात असलेलं धूड. पहिल्या झटक्याला मलाच ओढत घेऊन गेलं. दुसऱ्या खेपेला मी त्याला बजावलं की बाबा रे, मी याहून दांडगी आठवीची पोरं वठणीवर आणलीयेत. मग सरळ चाललं. काळी माती दोन्ही बाजूंना भसाभस पडत होती आणि मी मोठमोठ्याने गात होते. प्रार्थनेचं गाणं होतं, पण चाल पोल्का नाचाची झाली. पाइपाच्या वर दीड फूट माती यायला हवी. जागोजागी काठी घालून पाहिली, खोली बरोबर आहे.

एक गंमत. मान वर केली तर व्हर्लिन पोर्चवर उभा! कोट घालून, कठड्याला टेकून.

"काय झालं?" मी ओरडले.

"टीव्ही बंद पडलाय."

पाणी प्यायला आत गेले तर टीव्ही चांगला चालू होता. आपोआप आला असेल. पण तोवर तासभर बिचारा थंडीत ताटकळला.

२६ ऑक्टोबर, शनिवार

पाइप जोडला. टोकाला डिंक लावायचा, आत सरकवून अर्धा फेरा द्यायचा आणि हाताने धरून ठेवायचं. पहिला सांधा वाकडा बसला, कापून टाकला. नंतरचे असे बसले की कुणालातरी दाखवावेसे वाटले. व्हर्लिनला खिडकीतून खूण केली. त्याने कप उचलून दाखवला, तोही डाव्या हाताने. हल्ली जेवतोसुद्धा डाव्या हातानेच. डॉक्टरांनी उजवा हात वापरायला सांगितलाय, पण ऐकेल तर शपथ! आळस माणसाला असा पोखरतो.

मग शेडच्या बाहेर जमिनीत तांब्याच्या दोन सळया ठोकल्या, अर्थिंगच्या. माझ्याहून उंच. शिडीवर उभी राहून घण घातले. रात्री चमचा उचलवेना, पण झोप राजासारखी लागली.

२ नोव्हेंबर, शनिवार

आजचा दिवस! तारा ओढल्या!!

आधी पाइपातून दोरी न्यायची असते. प्लॅस्टिकच्या पिशवीचा तुकडा दोरीला बांधून घराकडच्या तोंडात ठेवला आणि शेडकडच्या तोंडाला घरचा व्हॅक्युम क्लीनर लावला. सर्रर्र करत दोरी आली! मी टाळ्या वाजवल्या. बघणारं कुणी नव्हतं, तरी वाजवल्या.

मग चारही तारा त्या दोरीला घट्ट बांधल्या, वरून पिवळा बुळबुळीत साबण चोपडला. खरं तर याला दोन माणसं लागतात, एक ढकलणारा आणि एक ओढणारा. मी घराकडे जाऊन थोडं ढकलायची, मग शेडकडे पळत येऊन ओढायची. असं करत मधल्या वळणापर्यंत आले, आणि तारा अडकल्या. किती ओढल्या तरी हलेनात. शेडच्या उंबऱ्यावर बसून रडले, खोटं कशाला लिहू. एवढं सगळं करून व्हर्लिन त्या खुर्चीतच राहणार असं वाटलं.

नाक पुसलं आणि शेवटचं म्हणून ओढलं, तर तारा आल्या! लोण्यातून सुरी फिरावी तशा, हातावर हात येत राहिल्या. साबण पोचायला वेळ लागत असणार. ओरिनला सांगायला हवं, साबण लावून थोडा वेळ रडावं, म्हणजे काम होतं.

घरात येऊन व्हर्लिनला मिठीच मारली. तो खुर्चीतच होता, चेहरा लाल झालेला, घाम आलेला. हीटर कमी केला. डाव्या बाहीवर कोपरापर्यंत पिवळं काहीतरी माखलं होतं.

"मस्टर्ड सांडलंस होय रे अंगावर? लहान आहेस का?"

"असेल," तो म्हणाला.

६ नोव्हेंबर, बुधवार

दोन्ही टोकं जोडली. घराचा मुख्य खटका पाडून, तीनदा तपासून. पांढऱ्या तारेची पट्टी वेगळी आणि हिरवीची वेगळी, घरच्या मोठ्या पॅनेलसारखी एकत्र नाही. त्यासाठी पॅनेलमधला एक हिरवा स्क्रू काढावा लागतो. तो मी खिशात घालून दिवसभर मिरवला.

तपासनिसांना फोन केला. व्हांग नावाचे गृहस्थ आहेत, आवाजावरून तरुण वाटले.

"मंगळवारी येतो," ते म्हणाले.

"मंगळवारी? आज बुधवार आहे हो!"

"बाई, शनिवारी हरणांची शिकार सुरू होतेय. शुक्रवारपासून मी जंगलात. सोमवारी सरकारी सुट्टी. तोवर चर उघडाच राहू द्या."

शिकारीच्या पहिल्या शनिवारी आमच्याकडे लग्नसुद्धा कुणी काढत नाही, नवरदेवच यायचा नाही. चरावर गवताच्या पेंढ्या पसरल्या, पाइप उघडा राहिला तरी खाली जमीन गोठायला नको.

संध्याकाळी व्हर्लिन म्हणाला, "रविवारी कडक थंडी पडणार. जमीन गोठेल."

"माहीत आहे."

"चर उघडा आहे."

"माहीत आहे म्हटलं ना."

मी व्हांग यांचं काही सांगितलं नाही. कशाला? त्याला शेडशी काही घेणंदेणं असतं तर त्याने विचारलं असतं.

९ नोव्हेंबर, शनिवार

अक्षर कसं येतंय बघत नाही.

आज चर्चच्या तळघरात लुटफिस्कचं वार्षिक जेवण होतं. दिवसभर त्या लिबलिबीत माशावर वितळलेलं लोणी ओतत होते. दिवेलागणीला गाडी अंगणात वळवली, तर चर नाही!

नाहीच! घरापासून शेडपर्यंत सगळा बुजवलेला. माती वरून दाबून, दाताळं फिरवून सारखी केलेली. पेंढ्या एका बाजूला रचून ठेवलेल्या. मी गाडीत बसूनच किंचाळले. ओरिन! मेल्या, तुला कुणी सांगितलं होतं! मग आठवलं, ओरिन तर काल दुपारपासून जंगलात आहे. गावातला बंदूक धरू शकणारा प्रत्येक पुरुष जंगलात आहे.

तशीच धुसफुसत पायऱ्या चढले. पोर्चवर व्हर्लिनचे बूट. मार्चपासून कपाटात पडलेले कामाचे बूट, चिखलाने भरलेले.

तो खुर्चीत कोटासकट झोपला होता. टीव्ही बंद. पँट गुडघ्यापर्यंत मातीची. डावा तळवा उघडा पडला होता आणि त्यावर अंगठ्याखाली मोठे फोड आले होते.

मी स्वयंपाकघरात गेले, नळ सोडला आणि त्या आवाजाआड हसले की रडले ते मलाही सांगता येणार नाही. चर गेला, परवानगी गेली, सगळी मेहनत मातीत गेली, आणि मला एवढा आनंद झालाय की चोरीला जाईल अशी भीती वाटतेय. तो उठला! एवढा लांब चर बुजवला त्याने!

त्याला सांगणार नाही. सांगितलं तर परत कशाला हात लावणार नाही.

१० नोव्हेंबर, रविवार

न्याहारीला दोघंही अंड्यांकडे बघत होतो.

"छान बुजलाय चर," मी म्हटलं.

"हं. उद्यापासून फावडं लागलं नसतं," तो म्हणाला. आणि मग, "कॉफी आहे का अजून?"

थंडी सांगितल्याप्रमाणे पडली. माझ्या मनात एक बेत आहे. मंगळवारी व्हांगना फाटकावरच गाठायचं आणि त्यांच्या गाडीतच सगळं सांगून टाकायचं. व्हर्लिनच्या कानावर जाता कामा नये.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

बेत कसला! ते अर्धा तास आधीच आले. मी आंघोळीत. ओल्या केसांनी धावत बाहेर आले तर व्हांग अंगणात उभे आणि पोर्चवर व्हर्लिन.

"चर कुठे आहे?" व्हांग विचारत होते.

"तो... म्हणजे तो होता," मी म्हटलं.

"मी बघायच्या आधी बुजवायचा नसतो, बाई. फोनवर सांगितलं होतं ना तुम्हाला."

मी व्हर्लिनकडे बघायचं टाळलं, तरी दिसलाच. चेहरा पार उतरला होता. त्याने बुजलेल्या मातीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला आता दार बंद झाल्याचा आणि टीव्ही लागल्याचा आवाज ऐकू येणार, अशी मी मनाची तयारी केली. डोळे मिटले की काय, आठवत नाही.

आवाज आला तो पायऱ्यांवर बुटांचा.

"मी बुजवला," व्हर्लिन व्हांगना म्हणाला. "हिला माहीत नव्हतं. कुठे उघडू सांगा."

"सगळा नको. दोन टोकं आणि मधलं वळण. खोली आणि सांधे दिसले की झालं."

वरचा वीतभर थर दगड झाला होता. व्हर्लिनने पहार आणली. तो ती धरायचा, मी तिच्यावर घण घालायची, मग तो फावड्याचा दांडा उजव्या काखेत दाबून डाव्या हाताने माती काढायचा.

"नीट धर ना!" मी म्हटलं.

"नीटच धरलीय. तू नीट मार. बस चालवल्यासारखी मारतेस."

"माझ्या बसमधून पडलेलं एक पोर दाखव!"

व्हांग दोनदा कॉफी नको म्हणाले, तिसऱ्यांदा हो म्हणाले, आणि कप रिकामा झाल्यावर आमची दया येऊन त्यांनीही कुदळ घेतली. शनिवारी मारलेल्या हरणाची गोष्ट सांगितली. त्यात हरणापेक्षा त्यांचा मेहुणाच जास्त पळाला.

सांधे बघितले, खोली मोजली, दोन्ही पॅनेलं उघडली. हिरवा स्क्रू विचारला, मी खिशातून काढून दाखवला!

"आणि तारा ओढताना दुसऱ्या टोकाला कोण होतं?"

"कुणी नाही. एकटीने ओढल्या."

"या वळणातून? चारही?"

"साबण चांगला होता."

व्हांगनी व्हर्लिनकडे पाहिलं. व्हर्लिन आभाळाकडे बघत होता, बर्फ येईलसं वाटतं म्हणाला. व्हांगनी पॅनेलवर मंजुरीचा कागद चिकटवला.

पास! पास! पास!

१३ नोव्हेंबर, बुधवार

साठचा ब्रेकर मी चढवला आणि शेडकडे पळाले. व्हर्लिन माझ्या मागून आला, आपल्या चालीने. शेडमधलं बटण त्याला दाबायला सांगितलं. त्याने डाव्या हाताने दाबलं. काय उजेड पडला! कोपऱ्यातल्या कोळ्याच्या जाळ्यापर्यंत सगळं लख्ख. हीटर घुमायला लागला. पालथी होडी एवढी मोठी आहे हे मी विसरलेच होते.

आता तो रंधा उचलेल म्हणून मी बाजूला होऊन उभी राहिले. त्याने होडीच्या फळीवरून हात फिरवला आणि स्टुलावर बसला.

"आर्डिस, हा हात रंधा धरत नाही." उजवा हात त्याने मांडीवर ठेवला. "बोटं मिटतात, पण त्यांत जोर नाही. जूनपासून माहीत आहे मला. आता यायचा नाही तो."

आळशी म्हणत होते मी त्याला, मनातल्या मनात, रोज जेवताना.

"मग मला एवढं खणू कशाला दिलंस? एका शब्दाने सांगितलं असतंस!"

त्याला बोलायला वेळ लागतो, झटक्याच्या आधीही लागायचा.

"सांगणार होतो," तो म्हणाला. "पण तू ते यंत्र धरून गायला लागलीस. त्यानंतर तू अंगणात गेलीस की मला काही त्या खुर्चीत बसवेना."

मग उठला, भिंतीवरचा छोटा रंधा काढला आणि माझ्या हातात दिला.

"राहिलेल्या फळ्या तू लावायच्या. मी सांगतो कशा."

"मी? मी कधी साधी चौकट बनवली नाही!"

"वीज तरी कुठे आणली होतीस?" आणि मग, "उलटा धरलायस."

१४ नोव्हेंबर, गुरुवार

जाग आली तर खुर्ची रिकामी. टीव्ही बंद. रात्री बर्फ पडलंय, आणि त्यातून पोर्चपासून शेडपर्यंत एकाच माणसाची पावलं गेलीत, एक पाय जरा ओढलेला. शेडच्या खिडकीत दिवा.

अजून बरंच लिहायचं होतं, पण तो दारातून ओरडतोय, "आर्डिस! फळी वाकवायला वाफवून ठेवलीय, ती थंड होतेय! येतेस की वही घेऊन बसतेस?"

चालले.